क्रांतिसिंह आणि गावकुसाबाहेरचा शेतमजूर

६ डिसेंबरला आमची पावले चैत्यभूमीकडे वळतात, म्हणून आणखी एक स्मृतिदिन आमच्या नजरेतून निसटतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर बरोबर वीस वर्षांनी, १९७६ साली, याच तारखेला क्रांतिसिंह नाना पाटील गेले.

१९०० साली जन्मलेले नाना वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे. तलाठ्याची नोकरी होती. सावकाराच्या वहीत कुणब्याची जमीन कशी बुडते, हे तलाठ्याइतके कोणाला दिसणार? १९३० साली त्यांनी ती नोकरी सोडली. सत्यशोधकी वळणाचा हा माणूस गावोगाव बिनखर्चाची लग्ने लावत हिंडला, कारण कर्जाचे मूळ लग्नाच्या मांडवात आहे हे त्याने ओळखले होते. १९४२ नंतर त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात (आजचा बराचसा सांगली जिल्हा त्यातच होता) प्रतिसरकार उभे राहिले. गावातच न्यायनिवाडे झाले, सावकार आणि गुंडांना जरब बसली. नाना १९४६ पर्यंत भूमिगत राहिले, इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.

स्वातंत्र्य आले आणि काँग्रेस शेटजी-भटजींची राहिली, असे म्हणत बहुजन कार्यकर्ते बाहेर पडले. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्यासोबत शेतकरी कामगार पक्ष उभा करण्यात नाना होते. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले.

येथे आम्हाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे. सावकाराच्या तावडीतून जमीन सुटली ती ज्याची होती त्याची. ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता त्या महार-मांगाच्या पदरात काय पडले? शेतकरी कामगार पक्षाच्या नावात कामगार होता, पण पक्ष बागायतदाराच्या ओसरीवरच अधिक रमला. बाबासाहेबांनी १९३६ सालीच स्वतंत्र मजूर पक्ष काढून खोती आणि महार वतन हे दोन्ही प्रश्न एकत्र मांडले होते. ती जोड या मंडळींना पुरती साधली नाही. हा दोष एकट्या नानांच्या माथी मारणे मात्र आम्हाला मान्य नाही.

कारण १९५७ साली चित्र वेगळे होते. संयुक्त महाराष्ट्र समितीत लाल बावटा आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र लढले. साताऱ्यातून नाना आणि नाशिकमधून दादासाहेब गायकवाड एकाच लोकसभेत गेले. पुढे १९६७ साली नानांना पुन्हा लोकसभेत पाठवले ते उसाच्या कृष्णाकाठाने नव्हे, तर दुष्काळी बीडने.