देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी जगाला दिला ६१७४ हा आकडा

नाशिक जिल्ह्यातल्या देवळालीत एक शाळामास्तर होऊन गेले, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९३० ला ते देवळालीत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ ला निवृत्त झाले.

मास्तरांना आकड्यांचं वेड. ४५ चा वर्ग, म्हणजे ४५ गुणिले ४५, होतो २०२५. त्याचे मधोमध दोन भाग करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५! ५५ चंही तसंच. वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या नाव दिलं. १२ चे अंक १ आणि २, बेरीज ३. १२ ला ३ ने भाग जातो, म्हणून १२ हर्षद. १३ ला ४ ने भाग जात नाही, म्हणून १३ नाही.

सगळ्यात गाजला तो ६१७४. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा आणि करून बघा. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तसंच, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथंच येते. मध्ये तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य धरायचं.

पण मास्तरांकडे गणितातली मोठी पदवी नव्हती. हे पोरखेळ आहेत म्हणून बरेच गणितज्ञ हसले. मास्तर थांबले नाहीत. छोट्या पुस्तिका स्वतःच छापल्या, गणिताच्या परिषदांना जात राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेतल्या.

१९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि नाव जगभर झालं. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले. ६१७४ ला आज जग कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखतं.