खाटेपर्यंतचा रस्ता

गोखिवऱ्यातून एखाद्या अत्यवस्थ रुग्णाला मुंबईला हलवायचे ठरले की गाडी महामार्गाला लागते, वसईची खाडी ओलांडते आणि वांद्र्याहून माहीमच्या रस्त्याने शहरात शिरते. गाडीतल्या नातेवाइकांच्या मनात एकच प्रश्न असतो : खाट मिळेल ना? या वाटेवरचा माहीमचा बांध आणि भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय ही दोन्ही एकाच पारशी घराची देणगी आहे, हे त्या घाईत कोणाच्या लक्षात येणार? दोन्ही कामे १८४५ या एकाच वर्षी लोकांसाठी खुली झाली.

सर जमशेटजी जीजीभॉय यांचा जन्म १५ जुलै १७८३ चा. वडील कापडाच्या व्यवसायातले, परिस्थिती बेताची. सोळाव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपले आणि मुलगा मुंबईत मामांच्या आश्रयाला आला. मामा फ्रामजी बाटल्यांचा धंदा करत. पुढे त्यांचीच मुलगी अवाबाई जमशेटजींची पत्नी झाली. चीनच्या त्यांनी एकूण पाच सफरी केल्या. १८०५ च्या सफरीत फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले आणि त्यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला नेले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा स्कॉटिश शल्यवैद्य होता. तिथली ओळख पुढे मोठ्या व्यापारी संबंधात बदलली.

भागीदार निवडताना जमशेटजींनी धर्म पाहिला नाही, कसब पाहिले. मोतीचंद अमीचंद जैन होते, महंमद अली रोघे कोकणी मुसलमान आणि रोजेरिओ द फारिया गोव्याचे कॅथलिक. वसईच्या बाजारात आजही अशी माणसे शेजारी शेजारी बसतात, म्हणून इथल्या वाचकाला याचे फारसे नवल वाटणार नाही.

माल मात्र कापूस आणि अफूचा होता. ही गोष्ट झाकून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. माळव्याची अफू चीनमध्ये उतरत होती, तिथली घरे उद्ध्वस्त करत होती, आणि त्या पैशाचा मोठा वाटा मुंबईत दानधर्मात जात होता. त्या काळी कंपनी सरकारच्या लेखी हा रीतसर व्यापार होता. पण व्यसनाने खंगलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्या दानाकडे पाहताना हा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही.

तरीही दान देण्याची त्यांची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. १८२२ मध्ये त्यांनी मुंबईच्या दिवाणी तुरुंगात कर्जापायी अडकलेल्या गरिबांचे देणे स्वतः फेडून त्यांना सोडवले. नुसते जेवण पाठवले असते तरी नाव झालेच असते; त्यांनी सुटकेचा मार्ग काढला.

रुग्णालयाच्या बाबतीतही तेच दिसते. एक लाख रुपये त्यांनी देऊ केले, पण सरकारनेही आपला वाटा घालावा या अटीवर. इमारत बांधून दाता मोकळा होतो. पुढे औषधे, पगार, स्वयंपाक, झाडलोट रोज लागते. सरकार बांधले गेल्याशिवाय ते चालणार नाही, हे व्यापाऱ्याला बरोबर कळले होते. परवानग्यांत काही वर्षे गेली. ३ जानेवारी १८४३ ला पायाभरणी झाली आणि १५ मे १८४५ पासून रुग्ण येऊ लागले.

आता अवाबाईंकडे वळायला हवे, कारण त्यांच्या वाट्याचे काम सहसा एका ओळीत उरकले जाते. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये दलदल आणि खाडी होती. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसे बुडत. साष्टीतल्या आजारी माणसासाठी शहरातली खाट म्हणजे पलीकडच्या तीरावरची वस्तू. कंपनी सरकारने बांधासाठी पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा अवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच : ये-जा करणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. शेजारच्या सागरी सेतूवर आज टोल भरावा लागतो, बांधावर नाही. वसईपर्यंत रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

रस्ता झाला, खाटा झाल्या. पण खाटांचा आकडा पाटीवर लिहिणे सोपे असते. एक खाट वर्षभरात किती जणांच्या कामी येते, हे रुग्ण किती दिवसांत बरा होऊन घरी जातो यावर ठरते. डॉक्टर उशिरा आला, तपासणी दोन दिवस लांबली, की खाट अडते आणि दाराबाहेरचा माणूस दाराबाहेरच राहतो. आजही नातेवाईक केस पेपर हातात घेऊन उभे असतात ते बहुधा याच कारणाने. जे. जे. च्या आवारात त्याच १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही म्हणूनच मोठी गोष्ट. डॉक्टर तिथेच शिकणार, रुग्णांच्या खाटेपाशी शिकणार. रमजानच्या दिवसांत सदका-ए-जारिया, म्हणजे देणाऱ्याच्या मागेही चालू राहणारे दान, हा शब्द अनेकदा कानावर पडतो. पारशी जमशेटजींच्या या कामाला तो शोभून दिसतो.

१८४२ मध्ये त्यांना नाइट हा किताब मिळाला, १८५७ मध्ये बॅरोनेट. दोन्ही मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुण्यात मुळा-मुठेवरचा बंधारा, मुंबईतली कलाशाळा अशी त्यांच्या देणग्यांची यादी लांब आहे.

महाविद्यालयाची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. तिच्यात भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग होते. भाऊ दाजींनी पुढे गरिबांना फुकट औषध देणारा दवाखाना चालवला. ज्याला खाटेची गरज नाही असा रुग्ण अशा दवाखान्यातच बरा होतो, आणि रुग्णालयातली जागा खरोखर अत्यवस्थ असलेल्यासाठी मोकळी राहते. जमशेटजी १४ एप्रिल १८५९ ला वारले, तेव्हा ही तरुण डॉक्टर मंडळी मुंबईच्या गल्ल्यांतून रुग्ण तपासत होती.