काजळीचा शाप ओळखणारा शल्यविशारद

मणक्याच्या क्षयाला भारतातील डॉक्टर आजही ‘पॉट्स स्पाइन’ म्हणतात. घोट्याजवळच्या एका अस्थिभंगालाही ‘पॉट्स फ्रॅक्चर’ असे नाव आहे. ही दोन्ही नावे ज्यांच्यावरून पडली, ते पर्सिव्हल पॉट हे अठराव्या शतकातील लंडनचे नामवंत शल्यविशारद. मात्र वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे स्थान अढळ झाले ते वेगळ्याच कामामुळे. माणूस ज्या वातावरणात राबतो, त्यातील एखादा पदार्थ त्याला कर्करोगाच्या खाईत लोटू शकतो, हे त्यांनी १७७५ मध्ये मांडले. तो पदार्थ होता धुराड्यातील काजळी आणि रोगाची जागा होती पुरुषाचा वृषणकोश.

पॉट यांचा जन्म १७१४ च्या जानेवारीत लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवर झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. आईच्या नात्यातील एका बिशपच्या आधाराने त्यांचे शिक्षण झाले. मुलाने धर्मसेवेत जावे असा घरच्यांचा विचार होता. पण त्याचा ओढा शस्त्रक्रियेकडे होता. वयाच्या पंधराव्या वर्षी, १७२९ मध्ये, सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील एडवर्ड नूर्स यांच्याकडे त्यांनी उमेदवारी पत्करली. गुरूंच्या व्याख्यानांसाठी शवविच्छेदनाची तयारी करता करता शरीररचनेचे बारकावे त्यांच्या हाती बसले. त्या काळी शल्यकर्मी आणि न्हावी यांचा एकच संघ होता. १७४५ मध्ये दोघे वेगळे झाले. १७४९ मध्ये पॉट याच रुग्णालयात पूर्ण दर्जाचे शल्यविशारद झाले आणि १७८७ पर्यंत तेथेच राहिले.

१७५६ मधील एका अपघाताने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत ओल्ड केंट रोडवर ते घोड्यावरून पडले. पायाचे हाड मोडून कातडीबाहेर आले. अशा जखमेत गाडीचे धक्के किती घातक ठरतात, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी कोणालाही स्वतःला हलवू दिले नाही. रस्त्यावर पडल्या पडल्या त्यांनी मेणा वाहणाऱ्या भोयांना बोलावणे धाडले, जवळच एक दरवाजा विकत घेतला, त्याला मेण्याच्या दांड्या ठोकून घेतल्या आणि त्यावर निजून ते लंडन ब्रिजवरून घरी आले. पाय कापावा लागणार असे सहकाऱ्यांचे मत पडले. शस्त्रे मांडून झाली असतानाच नूर्स तेथे आले आणि पाय वाचवून पाहावा असे त्यांनी सुचवले. पाय वाचला. सक्तीच्या विश्रांतीत पॉट यांनी अंतर्गळावरचा ग्रंथ लिहिला आणि तेथून त्यांचे ग्रंथलेखन सुरू झाले. रुग्णाला डागण्या देण्याची क्रूर पद्धत सोडून सौम्य उपचारांकडे वळण्याचा आग्रह त्यांनी पुढे आयुष्यभर धरला.

याच लंडनमध्ये एक वेगळे जग नांदत होते. लाकडाची जागा दगडी कोळशाने घेतली होती. घराघरांतली धुराडी अरुंद आणि वेडीवाकडी असत. काही तर जेमतेम नऊ इंच रुंद. ती साफ करायला लहानच अंग लागे. त्यामुळे अनाथ किंवा गरिबाघरची चार-सहा वर्षांची मुले मुकादमाच्या हाती सोपवली जात. अंग अडकू नये म्हणून अनेकदा ती उघडीच वर चढत. कोपर आणि गुडघे सोलवटून निघत. रात्री काजळीच्या पोत्यांवरच झोप आणि आंघोळ क्वचित. अंगाच्या प्रत्येक घडीत काजळी महिनोन् महिने साचून राहत असे.

ही मुले मोठी झाली की त्यांतील काहींच्या वृषणकोशाच्या खालच्या भागावर एक चामखीळ उठे. धुराडे साफ करणारे तिला काजळीची चामखीळ म्हणत आणि स्वतःच कापून टाकत. पुढे तिचा कठीण कडांचा, वेदनादायी व्रण होई. डॉक्टरांकडे गेल्यावर या तरुणांच्या पदरी औषधाआधी संशय पडे. रोगाची जागा पाहून तो गुप्तरोगच असणार असे गृहीत धरले जाई आणि त्यांना पारा दिला जाई. पाऱ्याने रोग हटत नसे, उलट चिघळे. दरम्यान तो अंडग्रंथीत शिरून तेथून पोटात पसरे आणि रुग्ण दगावे. आजार एका विषाचा, उपचार दुसऱ्या विषाचा आणि माथी मात्र बदफैलीपणाचा ठपका, असा हा प्रकार होता.

पॉट यांनी या रुग्णांच्या वर्तनाऐवजी त्यांच्या धंद्याकडे पाहिले. एकाच व्यवसायातील माणसांना, एकाच जागी, एकाच प्रकारचा रोग होतो, ही गोष्ट त्यांनी नेमकी टिपली. १७७५ च्या ग्रंथात मोतीबिंदू, नाकातील गाठी अशा विषयांच्या जोडीला त्यांनी या रोगावर अवघी काही पाने लिहिली. वृषणकोशाच्या वळ्यांत काजळी साचून राहते आणि तीच या कर्करोगाचे मूळ आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा गुप्तरोग नाही हे बजावले आणि रोग अंडग्रंथीत पोहोचण्यापूर्वीच तो भाग काढून टाकणे हाच उपाय असल्याचे सांगितले. भूल देण्याचे तंत्र यायला तेव्हा सत्तर वर्षे अवकाश होता. या मुलांना मिळणारी निर्दय वागणूक, त्यांची उपासमार, भाजणे आणि घुसमटणे यांविषयीचा कळवळा त्या शास्त्रीय पानांतही लपलेला नाही.

ज्ञान झाले म्हणून न्याय झाला, असे मात्र घडले नाही. १७८८ मध्ये ब्रिटिश संसदेने आठ वर्षांखालील मुलांना या कामावर ठेवण्यास मनाई केली. पण अंमलबजावणीची यंत्रणाच नव्हती. त्याच वर्षी २२ डिसेंबरला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पॉट निवर्तले. १८३४ आणि १८४० चे कायदेही सर्रास धाब्यावर बसवले गेले. धुराडे साफ करणाऱ्यांना पोलिसांचा परवाना बंधनकारक करणारा कायदा १८७५ मध्ये आला, तेव्हा कुठे ही प्रथा संपली. पॉट यांच्या ग्रंथाला तोवर शंभर वर्षे झाली होती.

त्यांच्या निष्कर्षाची उकलही टप्प्याटप्प्याने झाली. १८९२ मध्ये त्यांच्याच रुग्णालयातील हेन्री बटलिन यांनी युरोपातील इतर देशांत हा रोग विरळा का, याचा शोध घेतला. तेथील कामगार अंगभर घट्ट कपडे घालत आणि नियमित धूत, हे त्यांना आढळले. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन् महिने कोळशाचे डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. १९३३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी त्या डांबरातून बेंझोपायरिन वेगळे केले. हेच रसायन तंबाखूच्या आणि वाहनांच्या धुरातही असते. विसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्यांत चात्यांच्या खनिज तेलाने कपडे भिजणाऱ्या सूतकामगारांना वृषणकोशाचा तसाच कर्करोग झाला.

पॉट यांच्यासमोरचा प्रश्न कर्करोगाचा होता. पुढे तोच प्रश्न प्रजननक्षमतेपर्यंत येऊन ठेपला. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात डीबीसीपी हे पिकांवरील सूत्रकृमी मारणारे रसायन बनवणाऱ्या कामगारांच्याच लक्षात आले, की आपल्यापैकी अनेकांना मूल होत नाही. तपासणीत काहींच्या वीर्यात शुक्राणूंचा मागमूस नव्हता. १९७९ मध्ये अमेरिकेने त्या रसायनाच्या बहुतेक वापरावर बंदी घातली. १९९२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी पन्नास वर्षांत शुक्राणूंचे प्रमाण घटल्याचे मांडले आणि २०१७ च्या एका व्यापक आढाव्यात पाश्चात्त्य देशांबाबत तसाच कल दिसला. त्यामागे प्रदूषकांचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. शिसे, काही कीटकनाशके आणि प्लास्टिकमधील थॅलेट यांच्याकडे संशयाची सुई आहे.

मूल होत नाही म्हटले की दोष बाईच्या माथी मारायचा आणि पुरुषाचा आजार लाजेपोटी झाकायचा, ही रीत अजून सरलेली नाही. अशा रुग्णाची चिकित्सा करताना तो कोणते काम करतो, कोणत्या धुरात आणि रसायनांत दिवस काढतो, हे विचारणे आज डॉक्टरांचे कर्तव्य मानले जाते. अडीचशे वर्षांपूर्वी लंडनच्या सर्वांत उपेक्षित पोरांच्या बाबतीत हा विचार पर्सिव्हल पॉट यांनी केला होता.