कमला सोहोनी

वालाचे बिरडे करायचे असले, की घरातील बाई आदल्या दिवशी वाल भिजत घालते, त्यांना मोड आणते, एकेक दाणा सोलते आणि मग ते मऊ होईपर्यंत शिजवते. कच्चे वाल कोणी खात नाही. ते पोटाला बाधतात, हे आपल्याला आजी-पणजीपासून ठाऊक आहे. परंतु ते का बाधतात, त्यांत असे कोणते द्रव्य असते, याचा शोध मुंबईच्या एका प्रयोगशाळेत एका मराठी स्त्रीने घेतला. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगलोरच्या ज्या विज्ञान संस्थेला लोक टाटा संस्था म्हणत, तेथे ते शिकले होते. त्यामुळे रसायनशास्त्र हे कमलाबाईंना परके नव्हते. ते घरातलेच होते. पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासक म्हणून कीर्ती मिळवलेल्या दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगलोरच्या त्याच संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अर्जदार स्त्री आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई वडिलांसह बंगलोरला गेल्या, रामन यांना भेटल्या; तरी उत्तर बदलले नाही. तो काळ गांधीजींच्या चळवळीचा होता. कमलाबाईंनीही सत्याग्रहाचा मार्ग धरला आणि प्रवेश मिळाल्यावाचून परत जाणार नाही, असे संचालकांना स्पष्ट सांगितले.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्रीही, काम करावे लागणार होते. त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. ही शेवटची अट वाचताना आज आपल्याला हसू येईल. कमलाबाईंना मात्र ते कधीच आले नाही. उतारवयातही हा अपमान त्या विसरल्या नव्हत्या, आणि रामन यांच्या थोरवीबरोबर त्यांच्या मनाचा हा कोतेपणाही त्यांनी मोकळेपणाने बोलून दाखवला.

त्यांचे मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या हे अतिशय कडक शिस्तीचे होते. भल्या पहाटेपासून रात्रीपर्यंतचे वेळापत्रक त्यांनी आखून दिले. कमलाबाईंनी ते मान्य केले. संध्याकाळी टेनिस खेळण्यापुरता वेळ मात्र मागून घेतला. त्यांच्या संशोधनाचा विषय होता दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिने. भारतातील बहुसंख्य गरीब माणसांना प्रथिने मिळतात ती डाळींतून, आणि त्याच प्रथिनांचा अभ्यास तेव्हा फारच थोडा झाला होता. वर्ष संपले तेव्हा रामन यांची खात्री पटली होती. कमलाबाईंना रीतसर प्रवेश मिळाला आणि त्यांच्या पाठोपाठ इतर स्त्रियांसाठीही संस्थेचे दार उघडले. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली.

शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या विख्यात प्रयोगशाळेत त्यांनी प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींवर काम केले. बटाट्याच्या पेशींचा अभ्यास करताना त्यांना सायटोक्रोम सी हे प्रथिन आढळले. प्राण्यांच्या पेशींत श्वसनाच्या वेळी जी रासायनिक देवाणघेवाण चालते, तिच्यात या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. तेच प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही तेच काम करते, असे कमलाबाईंनी आपल्या प्रबंधात मांडले. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख म्हणून आणि नंतर निलगिरीतील कुन्नूर येथे पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. वालाची गोष्ट आहे ती येथली.

ती समजण्यासाठी प्रथिन म्हणजे काय, हे थोडे पाहिले पाहिजे. ॲमिनो अम्ल नावाचे वीस प्रकारचे मणी आहेत असे समजा. हे मणी ठरावीक क्रमाने ओवून झालेली लांब माळ म्हणजे प्रथिन. परंतु सुटी लोंबणारी माळ सहसा काही काम करीत नाही. ती एका विशिष्ट रीतीने दुमडते, तिच्या घड्या पडतात, आणि त्या घडीमुळे तिला आकार येतो. किल्ली नुसती लोखंडाची असून भागत नाही, तिचे दातेही कुलपाला बसावे लागतात. प्रथिनाचेही तसेच आहे. मोठ्या प्रथिनांत तर अशा घड्यांचे अनेक स्वतंत्र भाग असतात आणि ते एकमेकांना टेकून, एकमेकांना हलवून काम करतात.

आपण खाल्लेली प्रथिने पचवण्यासाठी स्वादुपिंडातून जे रस येतात, त्यांत ट्रिप्सिन हे एक महत्त्वाचे एंझाइम असते. ते माळेचे तुकडे करते. काही कडधान्यांत मात्र अशी प्रथिने असतात की, ती थेट ट्रिप्सिनच्या कातरीतच अडकून बसतात आणि तिला निकामी करतात. त्यांना ट्रिप्सिनरोधक म्हणतात. कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतील हे रोधक शोधण्याचे काम हाती घेतले. वाल आणि डबल बीन यांतील रोधक तर त्यांनी स्फटिकरूपात वेगळे केले. तो निबंध १९५५ साली नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

भिजवण्याने आणि विशेषतः शिजवण्याने काय घडते, तेही आता कळते. उष्णतेने घडी विस्कटते. अंड्याचा पारदर्शक बलक, म्हणजे पांढरा भाग, तापताच घट्ट होतो, तो याच कारणाने. वालातील रोधकाची घडी मोडली की त्याची पकड सुटते आणि ट्रिप्सिन आपले काम करू लागते. आजीच्या रीतीमागे रसायनशास्त्र होते. ते कोणी तरी तपासून पाहायला हवे होते, एवढेच.

घडी मोडते हे कळले, पण ती पडते कशी? कमलाबाईंच्या उमेदीच्या काळात हे पाहण्याचे साधन नव्हते. ते पुढे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे एन.एम.आर., या पद्धतीने मिळाले. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र हे एका अतिसूक्ष्म चुंबकासारखे वागते. प्रथिनाचे द्रावण प्रबळ चुंबकाच्या मध्ये ठेवून त्यावर रेडिओलहरी सोडल्या, की असे प्रत्येक केंद्र आपल्या शेजारपाजारानुसार किंचित वेगळ्या सुरात प्रतिसाद देते. त्या सुरांवरून माळेतील कोणते मणी घडीमध्ये एकमेकांजवळ आले आहेत, हे ओळखता येते. स्फटिक करावा लागत नाही. प्रथिन पाण्यात हालचाल करीत असतानाच त्याचा अभ्यास होतो. या विद्येच्या आरंभकाळात अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख यांच्याकडे काम केलेले प्रा. एस. एस. धर्मट्टी यांनी मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, तिची मुहूर्तमेढ रोवली.

आता योगायोग पाहा. स्वित्झर्लंडचे कुर्ट व्यूत्रिख यांनी १९८५ च्या सुमारास या पद्धतीने एका प्रथिनाची संपूर्ण घडी प्रथमच उलगडून दाखवली. ते प्रथिन बैलाच्या वीर्यद्रवातील असले, तरी वालातल्या प्रथिनाप्रमाणे पाचक एंझाइमांना रोखणारेच होते. १९८८ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक माळ दुमडत असताना तिचे कोणते भाग आधी जुळतात, हे एन.एम.आर.ने टिपले, ती माळ होती सायटोक्रोम सी. म्हणजे कमलाबाईंनी बटाट्यात आणि वालात ज्या जातीची प्रथिने हाताळली, त्यांवरच या नव्या विद्येने आपले धडे गिरवले. व्यूत्रिख यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा कमलाबाई हयात नव्हत्या.

त्यांचे स्वतःचे लक्ष मात्र शेवटपर्यंत माणसाच्या ताटाकडे राहिले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडामाडाच्या नीरेचा अभ्यास केला. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असून कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांना तिचा लाभ होतो, असे त्यांना दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही दुधाच्या गुणवत्तेबाबत त्यांनी सल्ला दिला. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्याकडे सुखासुखी आले नाही. पात्रता असूनही अंतर्गत राजकारणापायी त्यांना काही वर्षे डावलले गेले. पद मिळाल्यावर त्यांनी संस्था उत्तम सांभाळली आणि १९६९ साली त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत लक्ष घातले. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी एकत्र येऊन भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्था स्थापन केली होती. तिच्या त्या आघाडीच्या कार्यकर्त्या होत्या आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्षाही. संस्थेच्या कीमत या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांना सावध करणारे लेख लिहिले. मुंबईच्या बाजारात असो की भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये, हळद, तिखट किंवा डाळ घेताना ती शुद्ध आहे का, वजन पुरे आहे का, असे विचारण्यास गिऱ्हाईक आज कचरत नाही. पन्नास वर्षांपूर्वी असे विचारणारा माणूस दुकानदाराला भांडखोर वाटे.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार योजला. इतक्या उशिरा का होईना, त्यांच्या कार्याची दखल घेतली जात होती. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.