सूर्यपुत्रांचा कवी : निल्स-आस्लाक वाल्केआपा

उत्तर ध्रुववृत्तापलीकडे हिवाळ्यात कित्येक दिवस सूर्य उगवत नाही. त्या भूमीतील सामी लोक स्वतःला सूर्याची लेकरे मानतात. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार देशांत विखुरलेल्या या समाजाला विसाव्या शतकात आपला आवाज परत मिळवून देणाऱ्यांमध्ये निल्स-आस्लाक वाल्केआपा यांचे नाव अग्रभागी आहे. सामी माणसे त्यांना आयलोहाश या नावाने ओळखत.

फिनलंडच्या वायव्य टोकाकडील एनोन्तेकिओ परिसरात, रेनडिअरपालकांच्या कुटुंबात, २३ मार्च १९४३ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांनी शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले. मन मात्र रमले ते ‘योइक’ या पारंपरिक गायनात. योइक एखाद्या माणसाविषयी गायला जात नाही. त्या माणसालाच सुरांत उभे केले जाते, अशी सामींची धारणा आहे. धर्मोपदेशकांनी हे गायन पाप ठरवले होते. त्याची लाज बाळगण्याच्या त्या काळात, १९६८ मध्ये, वाल्केआपा यांनी योइकांची ध्वनिमुद्रिका काढली. पुढे त्यांनी योइकाला जॅझची जोड दिली. पक्ष्यांचे कूजन आणि पाण्याचा नाद गुंफलेल्या त्यांच्या रचनेला १९९३ मध्ये ‘प्रि इटालिया’ पुरस्कार लाभला. चित्रे, छायाचित्रे, चित्रपटसंगीत आणि अभिनय यांतही ते सहज वावरले.

‘सूर्य, माझा पिता’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला त्यांचा ग्रंथ १९८८ मध्ये आला. देशोदेशींच्या संग्रहांत पडून राहिलेली सामी पूर्वजांची जुनी छायाचित्रे शोधून त्यांनी ती कवितांशेजारी मांडली. परक्यांनी नमुने म्हणून टिपलेले चेहरे अशा रीतीने आपल्या घरी परतले. १९९१ मध्ये या ग्रंथाला नॉर्डिक परिषदेचा साहित्य पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले सामी लेखक. अनुवादित आवृत्त्यांत मात्र त्यांनी ही छायाचित्रे येऊ दिली नाहीत. रेनडिअरांच्या कळपाचे शब्दचित्र रेखाटणारी एक दीर्घ कविताही त्यांत सामी भाषेतच राहिली. जगाशी संवाद हवा. पण काही ठेवा आपल्याच भाषेच्या उंबरठ्याआत राहावा, ही त्यामागची भूमिका होती.

१९९४ मध्ये लिलेहामर येथील हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात त्यांचा योइक जगाने ऐकला. २६ नोव्हेंबर २००१ रोजी, जपानच्या दौऱ्यावरून परतताच, त्यांचे निधन झाले. अल्पसंख्य लोकांची भाषाही कोणापुढे मान न झुकवता थोर साहित्य घडवू शकते, याची साक्ष त्यांचे कार्य आजही देते.