क्रीडागुरू व्हिन्स लोम्बार्डी

अमेरिकेच्या उत्तर भागात विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. तेथे मिशिगन सरोवराचा एक फाटा जमिनीत शिरून खाडीसारखा झाला आहे. त्याच्या टोकाशी ग्रीन बे हे नगर वसले आहे. १९६० च्या सुमारास तेथील वस्ती साठ हजारांच्या आसपास होती. कागदाच्या गिरण्या, गोदी आणि हिवाळ्यात हाडे गोठविणारी थंडी, एवढीच बाहेरच्यांना त्या गावाची ओळख. परंतु या गावाला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. न्यूयॉर्क, शिकागो अशा महानगरांच्या संघांशी झुंज घेणारा फुटबॉलचा एक व्यावसायिक संघ त्याच्यापाशी होता. त्या संघाचे नाव पॅकर्स. १९१९ साली स्थापन झालेला हा संघ कोणा एका धनिकाचा नसून थोडेथोडे भाग विकत घेतलेल्या सामान्य नागरिकांच्या मालकीचा होता.

हा फुटबॉल आपल्याकडे खेळला जातो तो नव्हे. त्याचा चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळविला जातो. प्रत्येक बाजूचे अकरा गडी मैदानात असतात. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांनी चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावयाचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न सरकले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. असे करीत करीत प्रतिपक्षाची शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण होतात. चेंडू घेऊन धावणारा गडी सर्वांच्या नजरेत भरतो; पण त्याच्यासाठी वाट मोकळी करणारे, समोरच्याला आपल्या अंगावर घेऊन अडविणारे गडी सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. व्हिन्स लोम्बार्डी हे तरुणपणी अशाच अडविणाऱ्या गड्यांपैकी एक होते.

१९५८ च्या हंगामात पॅकर्सची पुरती दुर्दशा झाली. बारा सामन्यांपैकी दहा हरले, एक बरोबरीत सुटला आणि एकच जिंकला. असा संघ गावात राहतो की जातो, ही काळजी लोकांना लागली. अशा वेळी संघाच्या चालकांनी न्यूयॉर्कमधून एक प्रशिक्षक आणला. त्याचे वय पंचेचाळीस होते आणि व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्याने तोवर एकदाही भूषविलेले नव्हते. हेच लोम्बार्डी.

व्हिन्सेंट लोम्बार्डी यांचा जन्म ११ जून १९१३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात, इटलीहून आलेल्या एका कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते सर्वांत थोरले. वडिलांचा मांसविक्रीचा धंदा होता. त्यांनी आपल्या एका हाताच्या बोटांवर काम आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर खेळ या अर्थाची अक्षरे गोंदवून घेतली होती. मुलाला लहानपणापासून वडिलांच्या दुकानात मांसाचे अवजड तुकडे उचलण्याची सवय लागली. घरातले वातावरण अत्यंत धार्मिक होते. पुढे धर्मोपदेशक व्हावे या हेतूने ते तशा विद्यालयात दाखल झाले, परंतु काही वर्षांनी तो मार्ग त्यांनी सोडला. श्रद्धा मात्र सुटली नाही. जन्मभर ते जवळजवळ रोज प्रार्थनेस चर्चमध्ये जात असत.

१९३३ साली ते न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात गेले. उंची बेताची, वजनही त्या खेळाच्या मानाने कमी. तरीही जिद्दीच्या बळावर त्यांनी संघात स्थान मिळविले. तेथील अडविणाऱ्या सात गड्यांची फळी इतकी अभेद्य होती, की वृत्तपत्रे तिला ग्रॅनाइटच्या सात शिळा म्हणू लागली. पिट्सबर्ग विद्यापीठाविरुद्धच्या एका सामन्यात त्यांच्या तोंडात खोल जखम झाली, काही दात पडले, आणि त्यांना मैदानाबाहेर बसावे लागले. पुढे प्रतिपक्ष अगदी रेषेपाशी येऊन ठेपला तेव्हा ते पुन्हा उतरले, आणि सामना शून्य-शून्य असा बरोबरीत राहिला.

१९३७ साली ते पदवीधर झाले खरे, पण तो मंदीचा काळ होता. काही दिवस त्यांनी एका वित्तसंस्थेत नोकरी केली, कायद्याचा अभ्यास आरंभून सोडून दिला. अखेर १९३९ साली न्यू जर्सी राज्यातील एंगलवुड येथे सेंट सिसिलिया नावाच्या शाळेत त्यांना जागा मिळाली. तेथे ते लॅटिन, रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान शिकवीत आणि सायंकाळी मुलांचा फुटबॉल पाहत. एखादा सिद्धान्त वर्गातील सर्वांत मागे पडलेल्या मुलाला कळेपर्यंत ते पुन्हा पुन्हा समजावून देत. तो कळल्यावाचून पुढचा धडा नाही. हुशार मुलांना हे कंटाळवाणे वाटत असेलही. पण पुढे व्यावसायिक खेळाडूंना शिकविताना त्यांनी हीच पद्धत अवलंबिली. या शाळेत त्यांनी आठ वर्षे काढली. त्यांच्या हाताखाली शाळेचा संघ दीर्घकाळ अजिंक्य राहिला.

१९४७ साली ते फोर्डहॅमला परतले आणि १९४९ साली वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात कर्नल अर्ल ब्लेक यांचे साहाय्यक झाले. ब्लेक हे मोठे शिस्तीचे गृहस्थ. सामन्यांचे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहून चुका हेरावयाच्या, आणि अनावश्यक ते सर्व टाकून मोजकेच पण बिनचूक शिकवावयाचे, हे लोम्बार्डी तेथे शिकले. १९५१ साली परीक्षेतील गैरप्रकारांवरून त्या विद्यालयाने नव्वदच्या आसपास विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांत फुटबॉल संघातले बहुतेक गडी होते. खुद्द ब्लेक यांचा मुलगाही होता. त्या वर्षी संघ नऊपैकी सात सामने हरला. ब्लेक यांनी नवशिक्या मुलांना घेऊन पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ केला, आणि दोन वर्षांनी त्याच संघाने नऊपैकी सात सामने जिंकले. मोडलेला संघ कसा उभा करावा, हे लोम्बार्डींनी असे डोळ्यांनी पाहिले.

१९५४ पासून पाच वर्षे ते न्यूयॉर्क जायंट्स या संघात आक्रमणाचे प्रशिक्षक होते. १९५६ साली त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. परंतु मुख्य पदासाठी मात्र त्यांचा विचार होत नसे. आपले इटालियन नाव आड येते, असे त्यांना वाटे.

ग्रीन बेला आल्यावर त्यांनी प्रशिक्षक आणि व्यवस्थापक ही दोन्ही पदे स्वतःकडे घेतली. संघातील शैथिल्याला पहिल्याच सरावात पूर्णविराम मिळाला. ठरलेल्या वेळेपूर्वी पंधरा मिनिटे जो हजर नसेल तो उशिरा आला, असे समजले जाई. गावकरी त्या वेळेला लोम्बार्डींची वेळ म्हणू लागले. पहिल्या वर्षी संघाने बारापैकी सात सामने जिंकले. दुसऱ्या वर्षी तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण फिलाडेल्फिया येथे १७ विरुद्ध १३ असा हरला. वेळ संपली तेव्हा पॅकर्सचा गडी रेषेपासून अवघ्या काही यार्डांवर जमिनीला खिळला होता. यापुढे अंतिम सामना आपण हरणार नाही, असे लोम्बार्डींनी खेळाडूंना त्या दिवशी बजावले.

१९६१ च्या उन्हाळ्यात सराव सुरू झाला तेव्हा पोटासाठी हाच खेळ खेळणाऱ्या त्या अनुभवी पुरुषांपुढे त्यांनी चेंडू उंच धरला आणि याला फुटबॉल म्हणतात, येथून पाठाला आरंभ केला. कोणालाही हसू यावे असाच तो प्रकार. पण उभे कसे राहावे, कसे अडवावे, कसे पकडावे, हे सारे त्या उन्हाळ्यात पुन्हा घोटले गेले. ३१ डिसेंबर १९६१ रोजी ग्रीन बेमध्येच अंतिम सामना झाला. त्या गावात असा सामना यापूर्वी कधी झालेला नव्हता. पॅकर्सने लोम्बार्डींच्याच जुन्या जायंट्स संघाला ३७ विरुद्ध शून्य असे हरविले.

त्यांच्या डावपेचांची संख्या थोडी होती. त्यांतला एक अतिशय गाजला. त्यात अडविणारे दोन गडी, जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन, आपली जागा सोडून बाजूने धावत आणि चेंडू घेतलेल्या गड्यासाठी वाट करून देत. हा डाव येणार, हे प्रतिपक्षालाही ठाऊक असे. तरी तो थोपविता येत नसे, कारण प्रत्येक गड्याचे प्रत्येक पाऊल हजारदा गिरविलेले असे. पुढे स्वतः नामांकित प्रशिक्षक झालेले जॉन मॅडन एकदा त्यांचे व्याख्यान ऐकावयास गेले होते. लोम्बार्डी या एकाच डावावर आठ तास बोलले.

त्यांचा स्वभाव मात्र तापट होता. आवाज मोठा, शब्द बोचरे. खेळाडू त्यांना भीत, आणि काही तर मनातून त्यांचा द्वेषही करीत. बार्ट स्टार हा संघाचा सूत्रधार. चेंडू प्रथम त्याच्या हाती येई आणि सर्व डाव त्याच्यावर अवलंबून असे. हा तरुण इतका सौम्य, की त्याच्याकडून काही होईल असे आरंभी कोणालाच वाटत नव्हते. एकदा सर्वांसमक्ष कडक शब्दांत बोलणी खाल्ल्यावर तो लोम्बार्डींच्या खोलीत गेला. ज्या गड्यांचे नेतृत्व मी करावयाचे, त्यांच्यापुढे माझी अप्रतिष्ठा करू नये. रागवावयाचे असेल तर ते खोलीत रागवावे, असे त्याने शांतपणे सांगितले. लोम्बार्डींनी ते मान्य केले आणि त्यानंतर त्याला कधीही चारचौघांत बोल लावला नाही. शिष्याचे म्हणणे असे ऐकून घेणे सोपे नसते.

त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीयांना पुष्कळ ठिकाणी प्रवेश नाकारला जाई. आपल्या नावापायी उपेक्षा सोसलेल्या लोम्बार्डींना हे खपत नसे. ग्रीन बेमधील जे उपाहारगृह आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना घेणार नाही, तेथे संघातील कोणीच जाणार नाही, असे त्यांनी गावातील व्यावसायिकांना कळविले. दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात सामन्यासाठी जाण्याची वेळ आली, तेव्हा सर्वांना एकत्र राहता यावे म्हणून त्यांनी संघाला लष्करी छावणीत उतरविले. विली डेव्हिस, विली वुड, हर्ब अ‍ॅडरली हे कृष्णवर्णीय खेळाडू त्यांच्या संघाचे आधारस्तंभ झाले.

१९६२, १९६५ आणि १९६६ या वर्षीही पॅकर्स विजेते ठरले. जानेवारी १९६७ मध्ये दोन प्रतिस्पर्धी संघटनांच्या विजेत्यांमधला पहिला सामना झाला. यालाच पुढे सुपर बोल म्हणू लागले. त्यात पॅकर्सने कॅन्सस सिटीच्या संघाला ३५ विरुद्ध १० असे नमविले.

३१ डिसेंबर १९६७ चा ग्रीन बेमधील अंतिम सामना तर अविस्मरणीय ठरला. त्या दिवशी तापमान शून्याखाली २५ अंश सेल्सिअस होते. लोम्बार्डींनी मैदानाखाली माती उबदार ठेवणाऱ्या तारा मोठ्या हौसेने बसवून घेतल्या होत्या. त्यांनी ऐन वेळी दगा दिला आणि जमीन काचेसारखी टणक झाली. पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या, तरी पन्नास हजार प्रेक्षक जागचे हलले नाहीत. पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असता डॅलसचा संघ १७ विरुद्ध १४ असा पुढे होता आणि पॅकर्सना ६८ यार्ड जावयाचे होते. गोठलेल्या बोटांनी चेंडू झेलीत ते पुढे सरकले. सोळा सेकंद उरले तेव्हा रेषा हातभर दूर होती. लाथेने चेंडू मारून तीन गुण मिळवावे आणि बरोबरी साधावी, हा सुरक्षित मार्ग मोकळा होता. स्टारने स्वतःच चेंडू घेऊन घुसण्याची परवानगी मागितली आणि लोम्बार्डींनी ती तत्काळ दिली. क्रेमर व बोमन यांनी समोरच्या गड्याला मागे रेटले आणि त्या फटीतून स्टार रेषेपलीकडे पडला. तो डाव फसता तर दुसरा रचण्यास वेळ मिळालाच नसता. दोन आठवड्यांनी पॅकर्सने दुसरा सुपर बोलही जिंकला.

नऊ वर्षांत पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळाली. परंतु त्यासाठी झिजही सोसावी लागली. दिवसरात्र संघाचाच ध्यास असल्यामुळे पत्नी मारी आणि दोन मुले यांच्या वाट्याला ते फारसे आले नाहीत. विजयाखेरीज कशालाच मोल नाही अशा आशयाचे, मुळात दुसऱ्याच एका प्रशिक्षकाचे, वचन त्यांच्या नावावर रूढ झाले. आपल्याला प्रयत्नांविषयी बोलावयाचे होते, असे पुढे त्यांनी खेदाने सांगितले. पण लोकांनी ते वचनच लक्षात ठेवले.

१९६८ साली थकून त्यांनी प्रशिक्षकपद सोडले आणि केवळ व्यवस्थापक राहिले. काचेआड बसून सामना पाहणे त्यांना मानवले नाही. १९६९ साली ते वॉशिंग्टनच्या संघाकडे गेले. कितीतरी वर्षांत त्या संघाचे विजय पराजयांहून अधिक झाले नव्हते; लोम्बार्डींनी पहिल्याच हंगामात सात विजय, पाच पराजय आणि दोन बरोबरी असा पालट घडवून आणला. पुढचा हंगाम त्यांना लाभला नाही. १९७० च्या उन्हाळ्यात आतड्याच्या कर्करोगाने त्यांना गाठले आणि ३ सप्टेंबर रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. मुख्य प्रशिक्षक म्हणून व्यावसायिक फुटबॉलमध्ये काढलेल्या दहा हंगामांपैकी एकाही हंगामात त्यांच्या संघाचे पराजय विजयांहून अधिक झाले नाहीत.

त्याच वर्षी सुपर बोलच्या विजयचिन्हाला त्यांचे नाव देण्यात आले. चांदीचा चेंडू माथ्यावर धरलेले ते विजयचिन्ह पुढे दीर्घकाळ इतर नगरांतच जात राहिले. जानेवारी १९९७ मध्ये पॅकर्सने सुपर बोल पुन्हा जिंकला आणि लोम्बार्डींच्या नावाचे विजयचिन्ह ग्रीन बेला आले.