संग्रामदुर्गाचा किल्लेदार

पुण्याच्या उत्तरेस, इंद्रायणीच्या पलीकडे चाकण हे गाव आहे. आज त्याच्या आसपास कारखान्यांची गजबज असते. परंतु गावातच संग्रामदुर्ग या जुन्या भुईकोट किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. या कोटाला ना डोंगराचा आधार, ना दाट अरण्याचा. खंदक, तट आणि बुरूज हेच त्याचे बळ. फिरंगोजी नरसाळा हा शूर पुरुष या किल्ल्याचा किल्लेदार होता.

शिवाजी महाराजांनी स्वराज्याचे कार्य आरंभले, तेव्हा फिरंगोजी आपण होऊन त्यांना येऊन मिळाला. महाराजांनी किल्ला त्याच्याच हाती ठेवला.

१६६० च्या जून महिन्यात मोगल सरदार शाएस्तेखानाने चाकणला वेढा घातला. बाहेर हजारोंची फौज आणि तोफा. आत अवघे तीन-साडेतीनशे मावळे. महाराज तेव्हा दूर पन्हाळगडावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. मदत येणार नाही, हे फिरंगोजी जाणून होता. तरीही त्याने किल्ल्याचे दरवाजे उघडले नाहीत. भर पावसाळ्यात मावळे तटावरून अहोरात्र मारा करीत राहिले. पन्नासहून अधिक दिवस लोटले, तरी किल्ला खानाच्या हाती लागेना.

अखेर मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग पेरला. १४ ऑगस्टला तो उडाला. बुरूज ढासळला, त्यावरील वीर ठार झाले आणि तटाला खिंडार पडले. शत्रू आत घुसू लागला. उरलेल्या मावळ्यांनी त्याला रात्रभर थोपवून धरले. या झुंजीत मोगलांचे २६८ लोक पडले व ६०० जखमी झाले.

दुसऱ्या दिवशी प्रतिकाराची शक्ती सरली. आता हट्ट धरणे म्हणजे उरलेल्या सोबत्यांचे प्राण व्यर्थ गमावणे होते. फिरंगोजीने जड अंतःकरणाने किल्ला सोडला. त्याच्या शौर्याने थक्क झालेल्या खानाने त्याला बादशाही चाकरी देऊ केली. फिरंगोजीने ती नाकारली. खानानेही त्याला सन्मानाने जाऊ दिले.

गड गमावून धन्यापुढे उभे राहणे सोपे नव्हते. पण फिरंगोजी महाराजांकडेच परतला. महाराजांनी त्याला दोष दिला नाही, उलट त्याचा गौरव केला. पुढे भूपाळगडाची किल्लेदारी त्याच्याकडे आल्याचे सांगतात.

चाकणचा कोट पडला. किल्लेदाराची निष्ठा मात्र अभंग राहिली.